जीपगाडीची जन्मकथा आणि तिच्यावर चढलेली पुटे



जीप हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की ते एका विशिष्ट गाडीचे नाव आहे, याचेही भान कोणाला उरलेले नाही. मामलेदार यायचा तो जीपमधून, निवडणुकीचा कर्णा वाजायचा तो जीपवर, आणि वडापच्या गाडीला, मग ती कोणत्या का कारखान्याची असेना, खेड्यातली माणसे जीपच म्हणत आली. इतक्या घरोब्याच्या वस्तूचा इतिहास तरी सरळ असावा, अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात या गाडीविषयी जे सांगितले जाते त्यातला बराचसा भाग खोटा आहे. त्यातले काही भाबडेपणाने पसरले, काही कौतुकाने पसरले, आणि एक मोठे असत्य तर पैसे मोजून, छापून पसरविण्यात आले. या शेवटच्या प्रकाराकडे आमचे विशेष लक्ष आहे आणि ते का, हे ओघाने येईलच.

आधी नावाची गोष्ट उरकून घेऊ. सर्वत्र असे सांगतात की ही गाडी सर्व कामांना चाले, म्हणून इंग्रजीत ‘जनरल पर्पज’. त्याची आद्याक्षरे जी आणि पी. ती भराभर उच्चारली की झाली जीप. ऐकायला गोड आहे. पण अमेरिकन लष्कराच्या कागदांत गाडीचे नाव ‘पाव टनी ट्रक, चारही चाकांना जोर असलेला’ अशा धर्तीचे होते. जी आणि पी ही अक्षरे होती ती फोर्ड कंपनीच्या खात्यात. तेथे ‘जी’ म्हणजे सरकारी माल आणि ‘पी’ म्हणजे पुढच्या व मागच्या आसांत ८० इंच अंतर असलेली गाडी. सर्व कामांशी त्या ‘पी’चा संबंध नव्हता. उलट ‘जीप’ हा शब्द गाडीहून जुना आहे. अमेरिकन सैन्यात नवख्या शिपायाला आणि अजून पारख न झालेल्या वाहनाला तो लावीत असत. शिवाय १९३६ च्या मार्चमध्ये ‘पॉपाय’ या चित्रमालिकेत ‘यूजीन द जीप’ नावाचा एक चमत्कारिक प्राणी अवतरला होता, त्याला कोठेही जाता येई. फेब्रुवारी १९४१ मध्ये वॉशिंग्टनला संसदभवनाच्या पायऱ्यांवर ही गाडी चढवून दाखविण्यात आली, त्याची बातमी वृत्तपत्रात आली, आणि शब्द घरोघर पोहोचला. शब्दाला असे अनेक उगम असतात. पण एकच चटपटीत उगम लोकांच्या तोंडी बसतो.

तशीच सात फटींची गोष्ट. जीपच्या तोंडावरच्या जाळीला सात उभ्या फटी असतात, कारण म्हणे ती सातही खंडांवर गेली! युद्धातल्या जीपला नऊ फटी होत्या. आरंभी विलीज कंपनी पट्ट्या जोडून जाळी करीत असे. फोर्डने ती एकाच पत्र्यातून ठोकून काढली, ती हलकी आणि स्वस्त पडली, म्हणून विलीजनेही तीच उचलली. १९४५ मध्ये नागरी उपयोगासाठी गाडी निघाली तेव्हा तिला मोठे दिवे बसविले आणि फटी सात उरल्या. पत्रा वाकविणाऱ्याच्या अडचणीतून जे होते ते पुढे भूगोलाच्या खात्यावर जमा होते, हा त्याचा नमुना.

आता मुख्य प्रश्न. जीप कोणी निर्माण केली? शंभरांतले नव्वद जण विलीजचे नाव घेतील. थोडे फोर्डचे घेतील. बँटम हे नाव घेणारा क्वचित.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बटलर नावाचे गाव आहे. तेथे अमेरिकन बँटम कार कंपनी छोट्या मोटारी बांधीत असे. मोठ्या मोटारींच्या देशात छोटी मोटार घेतो कोण? १९४० पर्यंत कारखान्याचे दिवाळे निघायच्या बेतात आले होते, आणि आराखडे काढणारा अभियंता तेथे शिल्लक नव्हता. त्याच उन्हाळ्यात युरोपात जर्मनीचे सैन्य मोटारींवरून धावत सुटलेले पाहून अमेरिकन लष्कराला टेहळणीसाठी हलकी, बुटकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी तातडीने हवी झाली. १३५ कारखान्यांकडे मागणी गेली. अट अशी की नमुन्याची गाडी ४९ दिवसांत आणि एकूण ७० गाड्या ७५ दिवसांत. वजन १३०० पौंड. ज्याला यंत्रकाम ठाऊक आहे त्याने हा आकडा वाचून हसावे. मागणीला गंभीरपणे उत्तर दिले दोघांनीच, बँटमने आणि विलीजने. विलीजची किंमत कमी होती, पण मुदत पाळण्याची तयारी नव्हती. काम बँटमला मिळाले.

बँटमने डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलाविले. पैसे मिळतील याची खात्री नसताना तो आला आणि १७ जुलै १९४० ला कामाला बसून दोन दिवसांत त्याने गाडीचा आराखडा कागदावर उतरविला. निविदा २२ जुलैला उघडायच्या होत्या. पुढचे काम हॅरॉल्ड क्रिस्ट या कारखान्यातल्या मुख्य माणसाने आणि त्याच्या हाताखालच्या मूठभर कारागिरांनी केले. इंजिन एकाकडून, आस दुसऱ्याकडून, गिअरची पेटी तिसऱ्याकडून. जे विकत मिळे ते विकत आणले. जे मिळत नव्हते ते हाताने घडविले. पत्र्याची वळणे ठोकून काढली. मोठे साचे करायला ना वेळ होता ना पैसा, म्हणून जिथे तिथे सरळ रेषा आणि सपाट पत्रा. जीपचा जो ‘मर्दानी’ साधेपणा पुढे जाहिरातदारांनी गायिला, त्यातला बराच वाटा या घाईचा आणि ओढग्रस्तीचा आहे, असे आमचे मत आहे.

२३ सप्टेंबर १९४० हा शेवटचा दिवस. त्या दिवशी प्रॉब्स्ट आणि क्रिस्ट यांनी गाडी स्वतः हाकीत बटलरहून मेरिलँडमधल्या होलाबर्ड या लष्करी तळावर नेली. वेळ संपायला सायंकाळी अर्धा तास उरला असताना ती दारात उभी राहिली. वजन अर्थातच अटीपेक्षा बरेच जास्त भरले, पण चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना गाडी पसंत पडली. पुढे लष्करानेच वजनाची मर्यादा २१६० पौंडांपर्यंत वाढविली.

येथून कथा फिरते. बँटमचा कारखाना लहान, तो हजारो गाड्या पुरवू शकेल का, ही लष्कराची शंका. ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही; युद्ध दारात होते. पण शंकेवर उपाय म्हणून जे झाले ते असे: होलाबर्डच्या तळावर विलीजच्या आणि फोर्डच्या माणसांना बँटमची गाडी पाहू दिली, आणि तिचे आराखडेही त्यांच्या हाती गेले. आराखडे सरकारच्या मालकीचे, असे त्याचे समर्थन. नोव्हेंबरात दोघांच्याही नमुना-गाड्या आल्या. विलीजचे इंजिन ६० अश्वशक्तीचे आणि खरोखरच सरस होते, ते त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तिघांनाही प्रत्येकी १५०० गाड्यांचे काम मिळाले, आणि जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचा मोठा ठेका विलीजला गेला. पुरवठा वाढावा म्हणून पुढे फोर्डलाही विलीजच्याच आराखड्यावर काम दिले. युद्ध संपेपर्यंत विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार जीपा बांधल्या. बँटमच्या भरल्या २,७०० च्या आसपास. त्यानंतर बटलरच्या कामगारांच्या वाट्याला काय आले? जीपच्या मागे बांधायच्या छोट्या ट्रेलरचे काम. आपण जन्माला घातलेल्या गाडीच्या मागे लावायची गाडी!

युद्ध चालू असतानाच विलीजने मासिकांतून रंगीत पानभर जाहिराती देण्यास सुरुवात केली: जीप ही आमची निर्मिती. चिखलातून उसळणारी गाडी, वर शूर शिपाई, खाली कंपनीचे नाव. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९४३ मध्ये याविरुद्ध तक्रार दाखल केली. साक्षी झाल्या, कागद तपासले गेले. १९४८ मध्ये निकाल लागला की जीपची कल्पना अमेरिकन बँटमने काही लष्करी अधिकाऱ्यांच्या सहकार्याने निर्माण केली, आणि विलीजने ती स्वतः निर्माण केल्याचा दावा करणे थांबवावे. म्हणजे ही काही पडद्याआडची गोष्ट नव्हे. सरकारी निकाल आहे, कोणालाही वाचता येतो. पण १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव नोंदलेले व्यापारचिन्ह म्हणून मिळाले ते विलीजलाच. निकाल दप्तरात राहिला आणि नाव गाडीवर. १९५६ मध्ये बँटम कंपनी दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली आणि दिसेनाशी झाली. तिची जाहिरात करायला कोणी उरले नाही. निकालापेक्षा जाहिरात का टिकली, याचे दुसरे कारण आम्हाला तरी दिसत नाही.

आम्ही आयुष्य कामगारांच्या संघटनेत घालविले. शाळा लवकर सुटली. वाचायला शिकलो ते करारनामे आणि हजेरीपट वाचून. त्या कामाने एक सवय लावली. कोणी सांगितले की ‘अमुक आम्ही केले’, तर विचारायचे: त्या दिवशी कामावर कोण होते? तारीख कोणती? आणि हे सांगितल्याने कोणाचा लाभ? एका कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेत आम्ही संचालकांची छायाचित्रे पानोपानी पाहिली आहेत, आणि ओतशाळेतल्या एकाही माणसाचे नाव पाहिलेले नाही. त्या पुस्तिकेत छापलेला एकही शब्द खोटा नव्हता. तरी इतिहास खोटा होता. बँटमच्या बाबतीत दोन्ही प्रकार झाले, गाळणेही आणि खोटे छापणेही. प्रॉब्स्टचे नाव निदान पुस्तकांत सापडते, क्रिस्टचे कष्टाने सापडते, पत्रा ठोकणाऱ्यांची नावे शोधावी लागतात.

पन्नास डॉलरच्या जीपची दंतकथाही अशीच कोणाच्या तरी गल्ल्यात पैसे टाकून गेली. युद्धानंतर पेटीबंद, कोऱ्या जीपा सरकार पन्नास डॉलरला विकते, अशा जाहिराती अमेरिकन मासिकांत वर्षानुवर्षे येत. पैसे पाठविले की हाती पडे ती शिलकी मालाचे लिलाव कोठे होतात हे सांगणारी माहितीपत्रिका. परदेशी पाठविताना जीपा खरोखर पेट्यांत भरीत, तेवढ्या सत्याच्या दाण्यावर ही अफवा पोसली.

इंग्लंडातल्या लँड रोव्हरची गोष्ट थोडक्यात. तिचे अंग ॲल्युमिनियमचे. गंजू नये म्हणून दूरदृष्टीने केलेले, असे रसिक सांगतात. १९४७ साली तेथे पोलादाचे रेशनिंग होते आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू मिळत होता. पहिली प्रायोगिक गाडी तर जीपच्याच सांगाड्यावर उभी केलेली होती. ३० एप्रिल १९४८ ला ती ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली.

आणि आपली मुंबई? १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी. गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तेथले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. १९४९ मध्ये माझगावात विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडण्याचे काम सुरू झाले. हे भाग नव्या गाड्यांचे होते. तरी आजही एखादी जुनी जीप दिसली की ‘ही दुसऱ्या महायुद्धातली’ असे छातीठोकपणे सांगणारा भेटतोच, आणि विकणारा तर हमखास भेटतो. कारण युद्धाचे नाव घेतले की किंमत चढते.

अशा वेळी गाडीलाच विचारावे. बॉनेट उंच, पेटीसारखे असेल तर ती युद्धातली नव्हे. विलीजने १९५३ च्या सुमारास उंच इंजिन बसविले, ते झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले, आणि आपल्या रस्त्यांवर जी जीप पिढ्यान्‌पिढ्या धावली ती बहुतेक याच वळणाची. बॉनेट सखल असेल तर जाळीच्या फटी मोजाव्या. सात भरल्या तर ती नागरी गाडी, किंवा मागाहून तोंड बदललेली. नऊ भरल्या तर खाली वाकून पुढची आडवी दांडी पाहावी. गोल नळीची असेल तर सांगाडा विलीजचा, उलट्या पन्हळीसारखी असेल तर फोर्डचा. फोर्डच्या माणसांनी आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठविले होते. मात्र एका बोल्टावर भुलू नये. सत्तर-ऐंशी वर्षांत या गाड्यांचे भाग गॅरेजांतून इतके इकडचे तिकडे झाले आहेत की विलीजच्या सांगाड्यावर फोर्डचे बोल्ट आणि माझगावचा पत्रा असे एकत्र नांदताना सापडते.