पट्टा तुटल्यानंतर

मोटारीचे इंजिन बंद पडण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतील बहुतेक कारणे आधी काही ना काही सूचना देतात. पाणी कमी झाले की उष्णतेचा काटा चढतो. तेल जळू लागले की निळसर धूर दिसतो. प्लग खराब झाला की इंजिन अडखळू लागते. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या एका बाजूस झाकणाआड फिरणारा दातेरी रबरी पट्टा, तुटतो तेव्हा मात्र बहुधा असे काहीच घडत नाही. धावती गाडी एका क्षणात मुकी होते. पुन्हा स्टार्टर फिरवून पाहिला तर तो नेहमीपेक्षा अधिक हलका, अधिक वेगाने फिरतो. पण इंजिन काही सुरू होत नाही. अशा वेळी भोवती जमलेली चार भली माणसे मदतीला धावतात आणि गाडीला धक्का मारण्याची तयारी दाखवितात. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु नेमका तोच धक्का कित्येकदा थोडक्यात निभावणारे नुकसान दुप्पट-चौपट करून ठेवतो.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी इंजिनाच्या आत डोकावले पाहिजे. सिलिंडरमध्ये पिस्टन, म्हणजे दट्ट्या, खालीवर होत असतो. हवा आत घेणे, ती दाबणे, इंधन पेटून दट्ट्या खाली ढकलला जाणे आणि जळका वायू बाहेर टाकणे, असे त्याच्या कामाचे चार टप्पे असतात. या चार टप्प्यांत खालच्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे पूर्ण होतात. हवा आत घेणारी झडप आणि धूर बाहेर सोडणारी झडप यांना मात्र तेवढ्या अवधीत प्रत्येकी एकदाच उघडावयाचे असते. म्हणून झडपा उघडणारा वरचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या गतीने फिरला पाहिजे. खालच्या चाकाला २० दाते असतील तर वरच्याला ४० हवेत; आणि या दोहोंना एका तालात बांधून ठेवणारा दुवा म्हणजे हा पट्टा.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दट्ट्या सेकंदाला ५० वेळा सिलिंडरच्या माथ्याशी येतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडून मिटते. पुष्कळशा इंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला दट्ट्या यांना एकाच वेळी पुरेल एवढी जागा तेथे नसते. अरुंद बोळातून दोन माणसांनी आळीपाळीने जावे, तसा त्यांचा व्यवहार चाललेला असतो. एक बाहेर पडल्यावर दुसऱ्याने आत यावयाचे, हा नियम पट्टा सांभाळतो. पट्टा तुटला की झडपांच्या स्प्रिंगांच्या दाबामुळे कॅमशाफ्ट जवळजवळ जागच्या जागी थांबतो. त्या क्षणी ज्या झडपा उघड्या असतील त्या तशाच उघड्या राहतात. क्रँकशाफ्ट मात्र स्वतःच्या वेगाने आणि गाडी गिअरमध्ये असेल तर चाकांच्या जोरानेही फिरत राहतो. वर येणारा दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो आणि झडपेचा बारीक दांडा वाकतो.

सर्वच इंजिनांची रचना अशी नसते. काही इंजिनांत झडप पूर्ण उघडी असली तरी दट्ट्याशी तिची गाठ पडत नाही. तेथे पट्टा तुटला तर नवा पट्टा बसविला की काम भागते. डिझेल इंजिनात मात्र हवा फार दाबावी लागत असल्यामुळे माथ्याशी जागा अगदी थोडी उरते आणि टक्कर बहुधा टळत नाही. आपले इंजिन कोणत्या जातीचे, हे बाहेरून पाहून कळत नाही. ते कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेवरूनच ठरवावे लागते.

इतक्या नाजूक जागी रबराचा पट्टा का नेमला, असा प्रश्न साहजिकच पडतो. दातेरी पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झालाच नव्हता. १९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्राची सुई आणि बॉबिन यांची गती जुळविण्यासाठी तो प्रथम वापरला गेला. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या मोटारीत तो आला १९६२ साली, जर्मनीतील ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीत. १९६६ साली फियाटचे अभियंते ऑरेलिओ लाम्प्रेदी यांच्या दोन कॅमशाफ्टांच्या इंजिनाने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. पट्टा हलका असतो, आवाज करीत नाही, त्याला तेल लागत नाही आणि साखळीपेक्षा तो स्वस्त पडतो. रबराच्या पोटात काचतंतूंचे दोर असल्यामुळे तो ताणला जात नाही.

भारतातील जुन्या पिढीच्या चालकांना मात्र या पट्ट्याची ओळख उशिरा झाली. ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांत हे काम लोखंडी साखळी करीत असे. साखळी सैल झाली की खळखळ वाजे आणि अनुभवी चालक त्या आवाजावरून गॅरेजचा रस्ता धरी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पट्ट्याचे इंजिन घरोघरी पोहोचले. पुढे १९९८ साली पुण्यात तयार झालेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनातही पट्टाच होता. कानावर भरवसा ठेवणाऱ्या चालकाला आता कानाने काही कळेनासे झाले. पट्टा जीर्ण होतो तो मुकाट्याने, आणि तुटतो तोही मुकाट्याने.

म्हणून रस्त्यात इंजिन अचानक थांबले, तर पहिले काम म्हणजे क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणणे आणि उरलेल्या वेगात ती कडेला घेणे. इंजिन थांबल्यावर ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन वेळाच पुरते. म्हणून ब्रेक पुनःपुन्हा न दाबता एकदाच, स्थिर पायाने दाबावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये. काढल्यास सुकाणूचे चाक अडकण्याचा धोका असतो. पट्टा तुटल्याची शंका आली की त्यानंतर स्टार्टर फिरवू नये आणि धक्का मारून गाडी गिअरमध्ये टाकण्याचा विचारही करू नये. मंद गतीत पट्टा तुटला असेल, तर कदाचित एखाददुसरीच झडप वाकलेली असते. स्टार्टरच्या चार फेऱ्यांनी उरलेल्या झडपाही वाकतात. गाडी ओढून न्यावी, हाच शहाणपणाचा मार्ग.

गॅरेजमध्ये आल्यावर दुसरा मोह उभा राहतो. तो म्हणजे नवा पट्टा चढवून इंजिन सुरू होते का ते पाहण्याचा. नुकसान किती झाले हे ठाऊक नसताना इंजिन सुरू करणे म्हणजे हाड मोडले आहे की नाही हे पाहण्यासाठी रोग्याला धावावयास लावण्यासारखे आहे. जाणता कारागीर प्रथम झाकण काढून पट्टा का तुटला ते पाहतो. रबर जुने होऊन तडकले होते काय, इंजिनाच्या सीलमधून तेल गळून ते फुगले होते काय, ताण देणाऱ्या टेन्शनरचे बेअरिंग धरले होते काय, की पट्ट्यावरच चालणारा पाण्याचा पंप अडकला होता? हे मूळ कारण तसेच राहिले, तर नवा पट्टाही फार दिवस टिकणार नाही.

त्यानंतर नुकसानीचा अंदाज. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट हलक्या हाताने पाव फेरा मागे घेतला की चारही दट्टे सिलिंडरच्या मध्याजवळ येतात. आता कॅमशाफ्ट निर्धास्तपणे फिरवून त्याची खूण जुळविता येते आणि मग क्रँकशाफ्ट पुन्हा आपल्या खुणेवर आणता येतो. तात्पुरता पट्टा चढवून, इंजिन हातानेच फिरवून, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. त्याहून खात्रीची पद्धत म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या असताना सिलिंडरमध्ये नळीने दाबाची हवा सोडणे. हवा कोठून निसटते ते कानाने समजते. ती आत येणाऱ्या वाटेने फुसफुसली तर आतली झडप वाकली आहे; धुराच्या नळीतून आली तर बाहेरची; आणि तेल भरण्याच्या तोंडातून आली तर दट्ट्याच्या कड्यांत दोष आहे. सर्व सिलिंडर हवा धरून राहिले, तर नशीब बलवत्तर म्हणावयाचे; एरवी हेड उतरविण्यावाचून गत्यंतर नाही.

हेड उतरविण्याचे काम घाईचे नव्हे. ते बहुधा ॲल्युमिनियमचे असते आणि इंजिन गरम असताना बोल्ट सोडले तर ते वाकडे होऊ शकते. म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, पाणी काढून, कडेच्या बोल्टांपासून मध्याकडे, प्रत्येक बोल्ट थोडाथोडा सैल करीत जावे लागते. उतरविलेले हेड लाकडी ठोकळ्यांवर ठेवतात, म्हणजे उघड्या झडपांवर त्याचा भार येत नाही. दट्ट्याच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा दिसला तर टक्कर तेथेच झाली, हे उघड होते. ओरखडा वरवरचा असेल तर दट्ट्या चालतो. चीर किंवा भोक असेल तर मात्र तो बदललाच पाहिजे.

झडपा काढताना कोणती झडप कोणत्या जागेची, हे क्रमवार मांडून ठेवतात. सपाट काचेवर झडपेचा दांडा घरंगळविला की अगदी बारीक वाकही डोलताना दिसतो. वाकलेली झडप ठोकून सरळ करण्याचा प्रकार कोठे आढळला तर मालकाने तेथून गाडी परत न्यावी. एकदा वाकलेले पोलाद आतून दुबळे झालेले असते. तीच झडप पुढे तुटून सिलिंडरमध्ये पडली तर सारे इंजिनच फुकट जाते. दांडा ज्या नळीतून सरकतो ती मार्गिकाही तपासली पाहिजे. नव्या झडपा बारीक लेपाने आपापल्या बैठकीवर घासून बसवितात आणि हेड उलटे धरून त्यात थोडे रॉकेल ओततात. ते कोठूनही झिरपले नाही म्हणजे बैठक बरोबर झाली. हेडचा पृष्ठभाग सपाट आहे की नाही, हे सरळ पट्टी आणि पातळ पात्यांचे माप घेऊन ठरवितात.

जोडणीतही पथ्ये आहेत. हेड गॅस्केट नवेच हवे. बोल्टांच्या भोकांत तेल किंवा पाणी साचू देता कामा नये, नाहीतर बोल्ट आवळताना त्या दाबाने ब्लॉकला चीर जाऊ शकते. आता बोल्टांचा क्रम उलटा होतो: मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच. ज्या इंजिनांत आवळताना लांबणारे बोल्ट असतात, तेथे जुने बोल्ट पुन्हा वापरावयाचे नाहीत. पट्ट्याबरोबर टेन्शनर, फिरती चाके, गळके सील आणि पट्टाच चालवीत असेल तर पाण्याचा पंपही बदलावा. या वस्तूंसाठी पुन्हा तेवढीच उघडझाक करावी लागते. मजुरी वाचविण्याचा मार्ग हाच.

अखेरीस खुणा जुळवून पट्टा चढवावयाचा. चाळीस दात्यांच्या चाकावर एका दात्याची चूक झाली, तर कॅमशाफ्ट ९ अंशांनी आणि क्रँकशाफ्टच्या हिशेबाने १८ अंशांनी ताल सोडतो. पट्टा पेचकसाने उचकटून बसवू नये किंवा घडीसारखा मुडपू नये. आतील काचतंतू तुटतात आणि वरून ते दिसतही नाही. ताण दिल्यावर स्टार्टरला हात न लावता, पान्याने क्रँकशाफ्टचे पूर्ण दोन फेरे घ्यावेत. खुणा पुन्हा जुळल्या आणि वाटेत कोठेही कठीण अडथळा लागला नाही, तरच किल्ली फिरवावी. अडथळा लागला तर जोर न करता पुन्हा पहिल्यापासून पाहावे. हातात जाणवलेला अडथळा फुकट सावध करतो. स्टार्टरच्या जोरात तोच अडथळा नवी झडप वाकवून जातो.

एवढ्या साऱ्या खटाटोपाचा खर्च वेळेवर बदललेल्या पट्ट्याच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक होतो. भाड्याच्या गाडीवर संसार चालविणाऱ्या चालकाला तर दुरुस्तीच्या खर्चाइतकेच बुडालेले दिवसही जड जातात. पट्टा किती किलोमीटरांनी बदलावा, हे प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि तेथे बहुधा वर्षांचीही मर्यादा असते. गाडी थोडी चालली तरी रबराचे वय थांबत नाही, ही गोष्ट कमी फिरणाऱ्या गाडीच्या मालकाने विशेष ध्यानात ठेवावी. जुनी गाडी विकत घेताना पट्टा बदलल्याची पावती मागावी. ती नसेल तर पट्टा जुनाच आहे असे समजून तो बदलावा. आणि पट्टा बदलला की त्या दिवसाची तारीख व मीटरवरचा आकडा लिहिलेली एक चिठ्ठी इंजिनाच्या झाकणावर चिकटवून ठेवावी. मुक्या पट्ट्याच्या वतीने वेळेवर बोलणारी वस्तू तेवढी एकच असते.