क्युबिट झटपट शून्यावर आणायचा कसा?

ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्युबिटच्या भारतीय अतिवाहक क्वांटम प्रोसेसरची संपूर्ण चाचणी यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. चिप मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, ती चालवणारी यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील चमूने जुळवली आणि क्लाऊडवरून गणिते पाठवण्याची सोय टीसीएसने केली. अशा चिपपुढचा खरा प्रश्न वेळेचा असतो.

क्युबिट हे क्वांटम संगणकातील माहितीचे एकक. अतिवाहक क्युबिट म्हणजे अॅल्युमिनियमचे सूक्ष्म सर्किट. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतक्या तापमानात ते ठेवतात आणि सुमारे पाच गिगाहर्ट्‌झच्या मायक्रोवेव्ह स्पंदांनी चालवतात. पण ज्या तारेतून स्पंद आत जातो, तिच्यातूनच ऊर्जा बाहेरही झिरपते. भोवतालाशी अशी देवाणघेवाण करणाऱ्या प्रणालीला खुली क्वांटम प्रणाली म्हणतात.

गणित चालू असताना ही गळती नकोच. गणित संपले, की मात्र पुढच्या गणितासाठी क्युबिट शून्यावर, म्हणजे सर्वात कमी ऊर्जेच्या अवस्थेत, आणायला तीच लागते. ऊर्जा टिकण्याचा काळ १०० मायक्रोसेकंद धरला, तर आपोआप रिकामे होण्यासाठी त्याच्या पाचपट, म्हणजे ५०० मायक्रोसेकंद थांबावे लागते. तेवढ्यात २५ नॅनोसेकंदांच्या वीस हजार क्रिया उरकल्या असत्या!

म्हणून गळती हवी तेव्हा वाढवायची आणि नको तेव्हा रोखायची, असा मार्ग निघाला. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील मिक्को मोटोनेन यांच्या गटाने २०१७ मध्ये व्होल्टेजने चालू-बंद होणारा सर्किटचा शीतक दाखवला. व्होल्टेज दिले, की पातळ विद्युतरोधक थर ओलांडणारे इलेक्ट्रॉन सर्किटमधली ऊर्जा शोषून घेतात. क्युबिट वाचणाऱ्या अनुनादकात उरलेले फोटॉनही उलट कलेचा स्पंद देऊन लवकर काढता येतात. हलता झोका उलट रेटा देऊन थांबवावा, तसे.

मात्र वेगालाही मर्यादा आहे. क्युबिट चालवणारा स्पंद फार आखूड केला, तर त्यात नको त्या वारंवारता मिसळतात आणि क्युबिट शून्य आणि एक या पातळ्या सोडून तिसऱ्याच ऊर्जापातळीवर उडी घेतो. मूळ स्पंदाच्या चढउताराच्या दराशी जुळणारा दुसरा स्पंद सोबत दिला, की ही चूक बरीच घटते. ही युक्ती २००९ मध्ये मांडली गेली आणि आज ती सर्रास वापरात आहे.

भारतात अशा संशोधनासाठी एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. या कामाला भौतिकीइतकीच इलेक्ट्रॉनिक्स, शीततंत्र आणि प्रोग्रॅमिंग जाणणारी माणसे लागणार आहेत. सौंसर-पांढुर्ण्यासारख्या लहान गावांतील विद्यार्थ्यांनी हे क्षेत्र आपल्यासाठी नाही, असे मुळीच समजू नये.