शितावरून भाताची परीक्षा

कलकत्त्याच्या उत्तरेकडील डमडम हे नाव महाराष्ट्रात परिचित आहे ते तेथील कारखान्यात तयार झालेल्या बंदुकीच्या गोळीमुळे आणि विमानतळामुळे. या डमडमच्या पश्चिमेस, बराकपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बरानगर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेचे आवार आहे. कलकत्ता विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभागही आज याच रस्त्यावर आहे. देशातील दारिद्र्य मोजावयाचे कसे, या प्रश्नाचा इतिहास सांगताना हा परिसर वगळता येत नाही; आणि त्या इतिहासात एका मराठी विद्यार्थ्याच्या शंकेलाही स्थान आहे.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये ही संस्था स्थापन केली, तेव्हा तिचे बिऱ्हाड प्रेसिडेन्सी कॉलेजात होते. शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज घेताना महालनोबीसांनी हाच मार्ग धरला. सगळी शेते मोजीत न बसता, चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी थोडी शेते निवडून ती काटेकोरपणे मोजावयाची, ही त्यांची रीत. परंतु या परीक्षेतही चूक संभवते. वरचेच शीत चाचपले तर तळाचा भात करपला की काय, हे कळत नाही. शिते नीट निवडली तरी ती मोजकीच असतात. मग त्यांवरून काढलेला अंदाज किती चुकू शकेल?

कलकत्ता विद्यापीठाने १९४१ मध्ये संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी सी. आर. राव पुढे तेथेच शिकवू लागले. १९४४ च्या सुमारास ते वर्गात इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा एक सिद्धांत समजावून देत होते. नमुना फार मोठा असेल तर अंदाजाच्या अचूकतेला कोठे सीमा पडते, हे तो सिद्धांत सांगतो. विनायक महादेव दांडेकर या विद्यार्थ्याने विचारले, नमुना लहान असेल तर काय? रावांजवळ उत्तर तयार नव्हते. त्या रात्री बसून त्यांनी ते शोधून काढले आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. नमुन्यात जेवढी माहिती असेल तिने ठरविलेल्या सीमेपलीकडे कोणताही निःपक्षपाती अंदाज अचूक होऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे. स्वीडनचे क्रामेर हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षास पोहोचले. म्हणून जगभर तो क्रामेर-राव असमानता या नावाने शिकविला जातो. गुरू आणि शिष्य दोघांचाही जन्म १९२० चा, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दांडेकर पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले. १९५० मध्ये देशात राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि तिच्या आकड्यांची छाननी दीर्घकाळ सांख्यिकी संस्थेने केली. कुटुंबे धान्यावर, कापडावर, तेलमिठावर काय खर्च करतात, हे त्या पाहणीतून कळू लागले. त्याच आकड्यांच्या आधारे दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दररोज २,२५० उष्मांक मिळतील एवढाही खर्च ज्यांना झेपत नाही ते दरिद्री, अशी कसोटी त्यांनी लावली. १९६०-६१ मध्ये ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली आढळले.

आता शंका विचारण्याची पाळी दुसऱ्याची होती. पोषणाचा अभ्यास केलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला, की सर्वांची गरज सारखी नसते. सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशीच असतो, असे मानता येणार नाही. दांडेकरांनी त्यास उत्तर दिले आणि वाद पुष्कळ काळ चालला. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. रेषा थोडी खाली ओढली की कोट्यवधी माणसे हिशेबाबाहेर जातात, वर ओढली की आत येतात. आणि सरकारने कोणासाठी किती तरतूद करावी, हे त्यावर अवलंबून असते.

विद्यापीठाच्या विभागाचे यश सांगताना पदके आणि प्रबंध यांची यादी दिली जाते, आणि ती योग्यच होय. तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहावी: तेथील वर्गात शेवटच्या बाकावरून विचारलेल्या शंकेसाठी शिक्षक रात्र जागवतो काय?