सूक्ष्म बुडबुडे आणि यकृतातील गाठींचे निदान

श्राव्यातीत ध्वनींच्या साध्या तपासणीत, म्हणजे सोनोग्राफीत, यकृतात गाठ दिसली तरी ती कोणत्या जातीची आहे हे पुष्कळदा उमगत नाही. अशा वेळी शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे टोचून गाठीतील रक्ताभिसरण पाहतात. या युक्तीचे मूळ ग्रॅमियाक व प्रवीण शाह यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हृदयविषयक निरीक्षणांत सापडते.

हल्ली रूढ असलेले बुडबुडे सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे असून त्यांवर फॉस्फोलिपिडाचे पातळ कवच असते. व्यास सरासरी अडीच मायक्रॉन. ध्वनिलहरींनी ते आकुंचन-प्रसरण पावतात व ऊतकांहून निराळा प्रतिध्वनी देतात. लहरी मात्र मंद ठेवाव्या लागतात, नाहीतर बुडबुडे फुटतात. वायू अखेर श्वासावाटे निघून जातो. मूत्रपिंडांवर भार पडत नाही.

यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त प्रवेशिनी नीलेतून, म्हणजे पोर्टल व्हेनमधून, व उरलेले रोहिणीतून मिळते. यकृत-कोशिकांचा कर्करोग मुख्यतः रोहिणीवर पोसला जातो. म्हणून तो आधी उजळतो आणि बहुधा एक मिनिटानंतर, तोही किंचितच, फिका पडतो. इतर अवयवांतून आलेल्या दुय्यम गाठी मिनिटाच्या आतच काळवंडतात. निरुपद्रवी वाहिकार्बुद कडेकडून मध्याकडे भरत जाते आणि उजळच राहते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. बुडबुडा रक्तवाहिनीबाहेर पडत नाही. सीटी स्कॅनमधील आयोडीनयुक्त द्रव्य मात्र बाहेर झिरपते. त्यामुळे पित्तनलिकांचा कर्करोग सीटीत उशिरा उजळतो, तर बुडबुड्यांच्या तपासणीत फिका पडतो. सिऱ्होसिसच्या रोग्यात अशी गाठ यकृत-कोशिकांच्या कर्करोगासारखी भासू शकते. हा घोटाळा क्षुल्लक नव्हे, कारण त्या कर्करोगाचे निदान कित्येकदा ऊतक-परीक्षेवाचून, केवळ प्रतिमेवरून होते आणि दोहोंचे उपचार भिन्न आहेत. याच शंकेमुळे अमेरिकेतील यकृतरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मार्गदर्शिकेतून ही पद्धत वगळली. पुढे २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने जे वर्गीकरण मांडले, त्यात फिकेपणाची वेळ व तीव्रता यांना निर्णायक स्थान मिळाले. साठ सेकंदांच्या आत फिकी पडणारी, किंवा केवळ कडेने उजळलेली गाठ यकृत-कोशिकांच्या कर्करोगाच्या खात्यात घालावयाची नाही, हे त्याचे सार. पहिले मिनिट गाठीवरून नजर हलवू नये, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

एका टोचणीत बहुधा एकाच गाठीचा छडा लागतो. खोलवरच्या किंवा आतड्यातील वायूआड दडलेल्या गाठी निसटतात. सबंध यकृताचा शोध घ्यावयाचा तर सीटी अथवा एमआरआयकडेच वळावे लागते.