कुठले तुम्ही?

परवा पुण्यात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, "कुठले तुम्ही?" मी सवयीनं म्हणालो, "मुंबईचे." लगेच मुलगी म्हणाली, "बाबा, आपण डोंबिवलीचे ना?" आजी हसल्या. मी मात्र ओशाळलो.

गंमत पाहा. डोंबिवलीकर परगावी गेला की मुंबईकर होतो आणि रोज सकाळी घरून निघताना "मुंबईला जातो" असं सांगतो! आमचा जिल्हा ठाणे, महापालिका कल्याण-डोंबिवलीची, गाडीचा नंबर एमएच ०५ चा, टेलिफोनचा कोड ०२५१. मुंबई महानगर प्रदेशाच्या नकाशात आम्ही आहोत. १९७५ साली त्यासाठी प्राधिकरण स्थापन झालं आणि आज त्या नकाशात नऊ महापालिका आहेत. पण नकाशात घर आलं म्हणून माणूस तिथला होतो का?

आमचे बाबा १९७८ साली गिरगावातली चाळ सोडून इथे आले. संसार वाढला होता आणि ऐपतीत बसेल अशी जागा ४८ किलोमीटरवर मिळत होती. पण मन काही आलं नाही. चहाची पावडरसुद्धा गिरगावातून यायची. "आपण इथे तात्पुरते," हे त्यांचं पालुपद. १९९९ साली डोंबिवलीत पाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली, तेव्हाही ते गॅलरीतूनच बघत राहिले. एकवीस वर्षं तात्पुरते!

मग २६ जुलै २००५ उजाडला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमची गाडी घाटकोपरच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. डब्यातल्या ग्रुपमधले आम्ही सात जण. कुणी डोंबिवलीचा, कुणी कल्याणचा, एक बदलापूरचा. रुळांवरून, पाण्यातून चालत रात्री मुलुंडला पोचलो. एका अनोळखी बाईंनी हाक मारून घरात घेतलं, कोरडे कपडे दिले, पिठलं-भात वाढला. त्यांचा फोन नशिबानं चालू होता. मी घरी फोन लावला आणि बाबांना सातही नावं सांगितली. पुढे लाइनच गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो, तर टेबलावर बाबांच्या अक्षरातली यादी. सात नावं, पुढे पत्ते आणि 'निरोप दिला' अशी खूण. डोंबिवलीतल्या चार घरी ते रात्रीच छत्री घेऊन, गुडघाभर पाण्यातून स्वतः जाऊन आले होते. कल्याण-बदलापूरचे फोन सकाळपर्यंत फिरवत बसले होते. माझ्या डोक्यावरून टॉवेल फिरवत आईला म्हणाले, "आपल्या गावची सगळी माणसं पोचली गं."

आपल्या गावची! त्या गावात बदलापूर होतं, कल्याण होतं. मुलुंडच्या त्या बाईही होत्या, कारण पुढच्या दिवाळीला बाबा स्वतः त्यांच्याकडे फराळ घेऊन गेले. आणि पुढच्या पाडव्याला गॅलरीतून खाली उतरले.

बाबा आता नाहीत. ती यादी अजून कपाटात आहे. मुलीला एकदा दाखवायला हवी. 'कुठले तुम्ही' याचं माझं उत्तर तिच्यात आहे.