एक टक्का आणि बेचाळीस टक्के

क्रेडिट कार्डाची जाहिरात आधी सवलती सांगते. खरेदीवर पैसे परत, विमानतळावर बसायला खास खोली, पेट्रोलवरचा अधिभार माफ, दिवाळीच्या खरेदीवर जादा सूट. व्याजाचा दर मात्र अटींच्या पानावर असतो, आणि तोही बहुधा महिन्याचा: साडेतीन टक्के, पावणेचार टक्के. वर्षाच्या हिशेबात ते 42 ते 45 टक्के होतात. कार्ड कसं निवडावं यावर जाणकारांचा ठरलेला सल्ला असा, की बिल दरमहा पूर्ण भरणाऱ्याने सवलती पाहाव्यात आणि थकबाकी ठेवणाऱ्याने व्याजदर. या सल्ल्याचं गणित बरोबर आहे. पण अर्जावर सही करताना आपण यांपैकी कोण आहोत हे माणसाला ठाऊक असतं, असं तो गृहीत धरतो, आणि तिथेच तो फसतो. माझ्या मते पहिला प्रश्न सगळ्यांनी सारखाच विचारायला हवा: एखाद्या महिन्यात हात आखडला, तर या कार्डापायी किती रुपये जातील?

उत्तर आकड्यांतच काढू. हुबळीहून धारवाडकडे जाताना लागणाऱ्या रायापुरातलं एक पगारदार घर धरा. किराणा, पेट्रोल, मुलांचे कपडे, फोनची बिलं असा महिन्याला 20,000 रुपयांचा खर्च कार्डावर होतो. सरसकट एक टक्का परत मिळतो असं मानलं, तर वर्षाकाठी हाती 2,400 रुपये येतात. आता एका महिन्यात शाळेची फी आणि लग्नाचा आहेर एकदम आले. बिल 20,000 चं, पण भरले फक्त किमान देय म्हणून छापलेले पाच टक्के, म्हणजे 1,000. उरलेले 19,000 पुढच्या देय तारखेला पूर्ण फेडले. बहुतेकांना वाटतं की व्याज लागेल ते 19,000 वर, एका महिन्याचं. तसं नसतं. पूर्ण बिल भरलं नाही, की बिनव्याजी मुदत संपते आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज धरलं जातं. खरेदी महिनाभर विखुरलेली आणि बिलानंतर भरण्याची मुदत वीस दिवसांची धरली, तर वार्षिक 42 टक्क्यांनी 20,000 वर सरासरी 35 दिवसांचं व्याज होतं 805 रुपये. पुढच्या तीस दिवसांचं 19,000 वर 656. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही, म्हणून पुढच्या महिन्याच्या 20,000 वर आणखी 805. कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो मिळवून बेरीज 2,675 रुपयांच्या घरात जाते. वर्षभर काटेकोरपणे जमवलेली सवलत एका चुकलेल्या महिन्यात संपली, वर पदरचे पावणेतीनशे गेले. यात उशिराचा दंड नाही, कारण किमान रक्कम वेळेवर भरली होती. कार्डातून रोख रक्कम काढली असती, तर बिनव्याजी मुदत पहिल्या दिवसापासूनच नाही आणि वर काढण्याचं शुल्क वेगळं.

‘मी कधीच बाकी ठेवत नाही,’ असं यावर कुणी म्हणेल. असे लोक आहेत, आणि त्यांच्यापुरता दर निरर्थक आहे हे मान्य करायलाच हवं. पण हा आत्मविश्वास किती टिकतो? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स ऑसुबेल यांनी 1991 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये एका कोड्याचा अभ्यास मांडला. 1980 च्या दशकात तिथे हजारो बँका कार्ड देत होत्या, बँकांना पैसा स्वस्त मिळू लागला होता, तरी कार्डांचा व्याजदर 18 टक्क्यांच्या आसपास घट्ट राहिला. स्पर्धेने तो उतरायला हवा होता. ऑसुबेल यांनी दिलेल्या कारणांपैकी एक फार मोलाचं आहे: अनेक ग्राहक कार्ड घेताना उधार ठेवण्याचा विचारच करत नाहीत, आणि पुढे ठेवतात. दर पाहून कार्ड निवडणारेच थोडे, मग दर उतरवून ग्राहक ओढण्याची गरज कुणाला? सवलतींची चढाओढ दिसते आणि व्याजाची दिसत नाही, त्याचा उगम मला इथे दिसतो.

मग कमी दराचं कार्ड घ्यावं का? ठेव तारण ठेवून मिळणाऱ्या काही कार्डांवर दर खरोखर कमी असतो. वरचाच महिना वार्षिक 30 टक्क्यांनी मोजला, तर व्याज आणि जीएसटी मिळून सुमारे 1,910 रुपये होतात. वाचले साधारण 765. त्या कार्डावर सवलत अजिबात नसेल, तर वर्षातून चार वेळा चुकणाऱ्यालाच ते परवडेल, आणि त्यालाही चार वेळचे मिळून साडेसात हजारांवर भरावे लागतील. म्हणजे थकबाकी ठेवणाऱ्यासाठी 42 आणि 30 यांतली निवड ही निवडच नव्हे. त्याने कार्डाबाहेर पाहावं. मुदतठेवीवरचा ओव्हरड्राफ्ट साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच महाग असतो. सोनेतारण आहे, सहकारी सोसायटीचं कर्ज आहे. समजा 14 टक्क्यांनी मिळालं, तर 20,000 चं दोन महिन्यांचं व्याज 460 रुपये होतं.

सोसायटीचा उल्लेख या भागात सहज येतो, कारण भारतातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था इथलीच. 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा झाला आणि 1905 मध्ये गदग तालुक्यातल्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. गदग तेव्हा धारवाड जिल्ह्यात होतं आणि धारवाड मुंबई इलाख्यात. त्याआधी तीस वर्षं, 1875 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. त्या पिढीने कर्ज पारखलं ते दरावर. सावकार सणाला काय देतो हे त्यांनी पाहिलं नाही, मुदलावर किती चढतं ते पाहिलं. आजच्या किसान क्रेडिट कार्डातही तीच दृष्टी टिकून आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांनी, आणि वेळेवर फेडणाऱ्याला तीन टक्क्यांची सूट मिळून चार टक्क्यांनी. तिथे प्रामाणिक फेडीचं बक्षीस व्याजातूनच दिलं जातं.

शहरी कार्डावर बक्षीस येतं कुठून? काही भाग दुकानदार भरतो ते शुल्क, म्हणजे शेवटी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात रोखीने घेणाऱ्यासकट सगळ्यांच्या मालाच्या किमतीत मुरलेलं. काही भाग थकबाकीदारांचं व्याज. अमेरिकी फेडरल रिझर्व्हमधल्या अर्थशास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात, तिथे या मार्गाने वर्षाला सुमारे 15 अब्ज डॉलर कमी शिकलेल्या, गरीब ग्राहकांकडून सुस्थितीतल्या ग्राहकांकडे जातात, असा अंदाज निघाला. भारताचे आकडे वेगळे असतील, पण पैसा वाहण्याची दिशा उलटी होण्याचं कारण मला दिसत नाही. म्हणून पूर्ण भरणाऱ्याने सवलत नाकारावी, असं मी म्हणणार नाही. त्याने नाकारल्याने थकबाकीदाराचं व्याज उतरत नाही.

अडीअडचणीचं काय, हा आक्षेप वजनदार आहे. मध्यरात्री धारवाडजवळच्या सत्तूरच्या इस्पितळात अनामत भरायची असेल, तर कुठलीही सोसायटी उघडी नसते. तिथे कार्ड अनमोल आहे, आणि ते जवळ असावं असंच मी म्हणेन. पण इस्पितळाच्या दारात कार्ड पुढे करणं वेगळं आणि ती रक्कम सहा महिने कार्डावर ठेवणं वेगळं. बिलाची तारीख उलटायच्या आत ठेव मोडणं, सोनं तारण ठेवणं किंवा निदान रक्कम हप्त्यांत बदलून घेणं, यांपैकी काहीतरी करायला हवं. हप्त्यांचा दर मूळ दराच्या बराच खाली असतो. मात्र त्याचं प्रक्रिया-शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी विचारून घ्यावा. ‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दांवर तर विसंबूच नये. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं आहे.

कायदा दराला लगाम घालेल, ही आशाही सध्या धरता येत नाही. 30 टक्क्यांवरचं कार्डव्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द ठरवला. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनी दिलेलं संरक्षण दराचं नाही, वागणुकीचं आहे: देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड नाही, न भरलेल्या शुल्कांवर आणि करांवर व्याज नाही, थकबाकी नसलेलं कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पुरी झाली नाही, तर ग्राहकाला दिवसाला 500 रुपये. त्याच निर्देशांत एक हक्क आहे, ज्याची जाहिरात कुणी करत नाही: बिलाचं चक्र निदान एकदा बदलून घेता येतं. पगार एक तारखेला होत असेल, तर देय तारीख पाच ते दहाच्या दरम्यान आणून घ्यावी आणि बँक खात्यातून पूर्ण रकमेची आपोआप वजावट लावावी. तो अर्ज भरताना ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे दोन पर्याय समोर येतात. खूण दुसऱ्यावर करायची.