व्हिसाविना नेपाळ आणि भूतान : कोणती कागदपत्रे जवळ हवीत?

भारतीय नागरिकांना नेपाळ आणि भूतान या दोन शेजारी देशांत जाण्यासाठी व्हिसा घ्यावा लागत नाही, ही बाब सर्वश्रुत आहे. मात्र व्हिसाची अट नाही म्हणजे कोणतीच अट नाही, असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे ठरते. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र घरी ठेवून केवळ आधार कार्डाच्या भरवशावर विमानतळ गाठणाऱ्या प्रवाशाला तिथूनच परतावे लागू शकते. महाराष्ट्रातून पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथाच्या दर्शनासाठी जाणाऱ्या यात्रेकरूंमध्ये ज्येष्ठ नागरिकांची संख्या मोठी असते आणि त्यांपैकी अनेकांनी पारपत्र कधीच काढलेले नसते. त्यामुळे हे नियम नेमके काय आहेत आणि ते तसे का आहेत, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मोकळ्या सीमेची पार्श्वभूमी

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी काठमांडू येथे शांतता आणि मैत्री करार झाला. या कराराच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात वास्तव्य, मालमत्ता, व्यापार आणि संचार याबाबत परस्परांना समान सवलती देण्याचे मान्य करण्यात आले. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम या पाच राज्यांना लागून असलेली ही सीमा सुमारे १,८५० किलोमीटर लांबीची आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कुटुंबांमधील नातेसंबंधांचे वर्णन तिथे 'रोटी-बेटीचे नाते' असे केले जाते. बाजारहाट, शेती आणि लग्नकार्यासाठी हजारो लोक ही सीमा ओलांडत असतात.

या मोकळिकीला पहिली महत्त्वाची मर्यादा पडली ती हवाई प्रवासात. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर दोन्ही देशांमधील विमान प्रवासासाठी छायाचित्र असलेले अधिकृत ओळखपत्र सक्तीचे करण्यात आले. रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाच्या पारपत्रावर आजही शिक्का मारला जात नाही. तथापि भारताच्या बाजूने तैनात असलेले सशस्त्र सीमा दल किंवा नेपाळचे सुरक्षा कर्मचारी ओळख विचारू शकतात.

नेपाळसाठी ग्राह्य कागदपत्रे

नेपाळला जाणाऱ्या प्रौढ भारतीय नागरिकाजवळ पुढील दोनपैकी एक कागद असणे आवश्यक आहे : वैध भारतीय पारपत्र अथवा भारत निवडणूक आयोगाने दिलेले छायाचित्रासह मतदार ओळखपत्र. यांपैकी कोणताही एक कागद पुरेसा आहे; दोन्हींची आवश्यकता नाही.

पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक यांना या अटीतून सूट देण्यात आली आहे. मात्र वय आणि ओळख सिद्ध करणारा, छायाचित्र असलेला कोणताही शासकीय कागद त्यांच्याजवळ असावा लागतो. पॅन कार्ड, वाहन चालविण्याचा परवाना, केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड, शिधापत्रिका यांचा त्यात समावेश होतो. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या यादीत आधार कार्डाचीही भर घातली.

पंधरा ते अठरा या वयोगटातील विद्यार्थ्यांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते.

पती, पत्नी, अज्ञान मुले आणि आईवडील असे कुटुंब एकत्र प्रवास करीत असल्यास आणखी एक सवलत आहे. कुटुंबातील एका प्रौढ सदस्याजवळ पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र असल्यास, इतर सदस्यांना छायाचित्र असलेल्या आणि परस्परांचे नाते दर्शविणाऱ्या अन्य कागदपत्रांच्या आधारे प्रवास करता येतो. मात्र मित्रमंडळी किंवा यात्रा कंपनीचा गट म्हणजे कुटुंब नव्हे. तसेच कुटुंबातील प्रत्येकाजवळ स्वतःचा स्वतंत्र कागद असल्यास विमानतळावरील तपासणी अधिक सुकर होते.

आधार कार्ड का चालत नाही?

देशात बँकेपासून रेल्वेपर्यंत सर्वत्र स्वीकारले जाणारे आधार कार्ड पंधरा ते पासष्ट या वयोगटातील प्रवाशांसाठी का ग्राह्य नाही, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर आधारच्या मूळ स्वरूपात दडलेले आहे. आधार क्रमांक हा भारतात राहणाऱ्या व्यक्तीला मिळतो. ती व्यक्ती भारताची नागरिक असलीच पाहिजे, असे नाही. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्यात स्पष्टपणे नमूद करण्यात आले आहे. व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत मात्र केवळ नागरिकांसाठी आहे. मतदार यादीत नाव नोंदविण्याचा अधिकार फक्त नागरिकांनाच असल्याने मतदार ओळखपत्राला येथे पारपत्राच्या बरोबरीचे स्थान मिळाले आहे.

हा तर्क लक्षात घेतला म्हणजे वयोगटांची विभागणीही समजते. अठरा वर्षांखालील मुलाजवळ मतदार ओळखपत्र असूच शकत नाही, म्हणून शाळेच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे. सर्वाधिक अडचण होते ती नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेल्या तरुणांची. त्यांना शाळेच्या प्रमाणपत्राची सवलत उरलेली नसते आणि मतदार ओळखपत्र अद्याप हाती आलेले नसते. महाविद्यालयाच्या सहलीबरोबर जाणाऱ्या अशा विद्यार्थ्यांनी पारपत्रासाठी वेळेत अर्ज करणे हाच खात्रीचा मार्ग होय. हीच गोष्ट साठी ओलांडलेल्या, परंतु पासष्टी न गाठलेल्या यात्रेकरूंना लागू पडते. रेल्वेत किंवा बँकेत ते ज्येष्ठ नागरिक गणले जात असले, तरी या नियमाखालील सूट त्यांना मिळत नाही.

नावातील तफावत हाही दुर्लक्ष करण्याजोगा मुद्दा नाही. मतदार ओळखपत्रावर माहेरचे नाव आणि तिकिटावर सासरचे नाव असल्यास तपासणीच्या वेळी प्रश्न उद्भवू शकतो. तिकीट काढताना ओळखपत्रावर जसे नाव आहे तसेच ते नोंदवावे. प्रवासात ओळखपत्राची छायाप्रत न नेता मूळ प्रत न्यावी.

पारपत्र केव्हा अनिवार्य ठरते?

नेपाळमार्गे तिसऱ्या देशात जावयाचे असल्यास मतदार ओळखपत्राचा उपयोग होत नाही. कैलास-मानसरोवराची यात्रा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. नेपाळमार्गे तिबेटमध्ये प्रवेश करणाऱ्या यात्रेकरूंना पारपत्राबरोबर चीनचा व्हिसाही आवश्यक असतो. त्याचप्रमाणे आखाती देशांतून किंवा अन्य ठिकाणाहून थेट काठमांडूला येणाऱ्या भारतीय नागरिकालाही पारपत्र लागते.

परदेशी नागरिकत्व स्वीकारलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींनी विशेष दक्षता घ्यावी. त्यांच्याजवळील ओसीआय कार्डामुळे भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही. परंतु नेपाळच्या दृष्टीने त्या व्यक्ती परदेशी नागरिकच असतात. त्यांना नेपाळचा व्हिसा घ्यावा लागतो. तो काठमांडूच्या त्रिभुवन आंतरराष्ट्रीय विमानतळावर मिळू शकतो आणि त्यासाठी १५ दिवसांकरिता ३०, ३० दिवसांकरिता ५० तर ९० दिवसांकरिता १२५ अमेरिकी डॉलर इतके शुल्क निश्चित करण्यात आले आहे. अमेरिकेतून किंवा ब्रिटनमधून सुटीवर आलेला मुलगा आणि पुण्यातील आईवडील एकत्र नेपाळला निघाले, तर एकाच कुटुंबाला दोन वेगळे नियम लागू होतात, हे ध्यानात ठेवावे.

रस्त्याने जाताना

रेल्वेने गोरखपूरपर्यंत जाऊन सोनौली येथून नेपाळमध्ये प्रवेश करणे हा यात्रेकरूंचा प्रचलित मार्ग आहे. याशिवाय बिहारमधील रक्सौल आणि जोगबनी, पश्चिम बंगालमधील पानीटंकी, उत्तर प्रदेशातील रुपईडीहा आणि उत्तराखंडमधील बनबसा ही प्रमुख प्रवेशस्थाने आहेत. स्वतःचे वाहन न्यावयाचे असल्यास नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयाकडून, म्हणजे तेथील भाषेत 'भन्सार'कडून, परवाना घ्यावा लागतो. त्याचे शुल्क दिवसांच्या हिशेबाने आकारले जाते. वाहनाची नोंदणी आणि विम्याची मूळ कागदपत्रे तसेच चालकाचा परवाना सोबत असावा.

भारतीय एक रुपयाला नेपाळी १.६० रुपये हा विनिमय दर १९९३ पासून कायम आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभर रुपयांपेक्षा अधिक मूल्याच्या भारतीय नोटा वापरण्यास मनाई केली होती. चलनाविषयीच्या नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने निघण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेल्या मर्यादेची खात्री करून घ्यावी. मार्च २०२४ पासून नेपाळमधील अनेक दुकानांत भारतीय यूपीआयद्वारे रक्कम अदा करण्याची सोय उपलब्ध झाली आहे.

भूतानचे नियम वेगळे

भूतानमध्येही भारतीयांना व्हिसा लागत नाही. परंतु तेथे प्रवेश-अनुमतीपत्र घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी किमान सहा महिने वैधता शिल्लक असलेले पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र ग्राह्य धरले जाते. आधार कार्ड किंवा वाहन परवाना चालत नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पारपत्र किंवा इंग्रजी भाषेतील जन्मदाखला आवश्यक असून त्यांच्यासोबत पालक असावे लागतात. ज्यांचा जन्मदाखला केवळ मराठीत आहे, त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थेकडून इंग्रजी मजकूर असलेला दाखला आधीच मिळवून ठेवावा.

अनुमतीपत्रासाठी आगाऊ ऑनलाइन अर्ज करता येतो. पश्चिम बंगालमधील जयगावच्या पलीकडे असलेले फुन्शोलिंग हे रस्त्याने जाणाऱ्यांचे मुख्य प्रवेशस्थान असून विमानाने जाणारे प्रवासी पारो येथे उतरतात.

भूतानने २०२० च्या कायद्यान्वये भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या पर्यटकांवर प्रथमच शाश्वत विकास शुल्क लागू केले. भारतीय प्रौढ पर्यटकासाठी हे शुल्क प्रत्येक रात्रीसाठी १,२०० रुपये ठरविण्यात आले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ते निम्मे असून सहा वर्षांखालील मुलांना माफ आहे. इतर देशांच्या पर्यटकांसाठी सप्टेंबर २०२३ पासून हे शुल्क प्रतिदिन १०० डॉलर आहे. पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवून निसर्ग आणि संस्कृतीचे जतन करणे हे भूतानचे जाहीर धोरण आहे. चौघा प्रौढांच्या कुटुंबाने पाच रात्रींचा मुक्काम केल्यास केवळ या शुल्कापोटी २४,००० रुपये खर्च होतात, याचा विचार नियोजन करताना करावा.

संकटसमयी कागदपत्रांचे महत्त्व

मोकळी सीमाही बंद होऊ शकते, हे अलीकडच्या काळात दोनदा दिसून आले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे सीमेवरील ये-जा थांबविण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधील युवकांच्या आंदोलनाच्या वेळी काठमांडूचा विमानतळ काही काळ बंद ठेवावा लागला आणि अनेक भारतीय पर्यटक तेथे अडकून पडले. पारपत्रावर शिक्का नसल्याने रस्त्याने आलेल्या प्रवाशाच्या प्रवेशाची कोणतीही अधिकृत नोंद नसते. अशा वेळी त्याच्या खिशातील ओळखपत्र हाच तो भारतीय असल्याचा एकमेव पुरावा ठरतो.

ओळखपत्र हरवल्यास नजीकच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून काठमांडू किंवा थिंफू येथील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. काठमांडूतील दूतावास आपत्कालीन परिस्थितीत भारतात परतण्यासाठी प्रमाणपत्र देतो. मात्र ते केवळ परतीच्या प्रवासासाठी असते. मूळ कागदाची छायाप्रत सामानात स्वतंत्र ठेवलेली असल्यास आणि तिची एक प्रत घरच्यांजवळ असल्यास हे प्रमाणपत्र मिळविणे सुलभ होते.

यात्रेचे पैसे भरण्यापूर्वी गटातील प्रत्येकाचे वय आणि त्यानुसार लागणारा कागद यांची यादी करावी. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र नसलेल्या सदस्यासाठी किमान काही महिने आधी अर्ज करावा. तसेच प्रस्थानाच्या आठवड्यात केंद्रीय गृह मंत्रालयाचा इमिग्रेशन विभाग आणि संबंधित देशाचा दूतावास यांच्या ताज्या सूचना पाहाव्यात, कारण विमानतळावरील अधिकारी त्या दिवशी लागू असलेल्या नियमानुसारच निर्णय देतात.